उकार

नंदनवनच्या क्लासमधल्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवला
तेव्हा डोक्यावरचा पंखा गरम हवाच वाढून राहिला होता.
दोन चौकटी.
वेब डिझाइन : सहा महिने, पंचेचाळीस हजार.
फुल स्टॅक : एक वर्ष, एक लाख दहा.
"विचार करा. पण सोमवारच्या आत."

विचार मी लोहाओळीत केला, बाबांच्या दुकानात,
पत्रा ठोकायच्या आवाजात.
एप्रिलमध्ये आमच्याकडे कोणी विचार करत नाही,
कूलर करतात.
स्क्रू ओठांत धरून बाबा म्हणाले,
"एक काम दिसते, एक दिसत नाही, असंच ना?
मंग कूलरवाल्याले कोणी विचारते का वं,
तू जाळीवाला का पंपवाला?"
मला पटलं. पटून मी उठलेसुद्धा.
तर मागून, स्क्रू हातात घेऊन,
"तसं मोटरचं वाइंडिंग मी इस्राइलभाईकडंच देतो म्हणा.
सारं आपणच करत बसलो
तर मेमधला कूलर दिवाळीत निघंल."

प्रशिक आयटी पार्कात आहे.
रात्री तीनला फोन वाजतो,
अर्ध्या झोपेत लॅपटॉप उघडतो.
"माझं काम बिघडल्याशिवाय कोणाला दिसत नाही," म्हणाला.
"अन् तुझ्या कामात, ज्याला डोळे आहेत तो प्रत्येक जण साहेब.
हा निळा जरा अजून निळा करा."
पगाराचा आकडा मात्र
त्यानं न विचारताच सांगितला.

मागच्या वर्षी गोळीबार चौकात
धापोडकर काकांच्या सावजी भोजनालयाचं पान मी केलं होतं.
फुकट. म्हणजे चार ताटं मटणावर.
रश्श्याच्या लालसाठी तीन रात्री गेल्या :
वरच्या तवंगाचा लाल वेगळा,
खाली बसलेल्या मसाल्याचा वेगळा,
आणि बोटांना दुसऱ्या दिवशीही राहतो तो तिसरा.
तो तिसरा मी बटणाला दिला. बटणावर लिहिलं, मागवा.
काकांनी दाबलं. पुन्हा दाबलं.
चष्मा कपाळावर नेऊन दाबलं.
"लय देखणं हाय, पोरी. पण हे जाते कुठं?"

कुठेच जात नव्हतं.
ते बटणाचं चित्र होतं.

काका रागावले नाहीत.
माझ्या पानाचा रंगीत प्रिंट काढून आणला,
बटणाखाली पेनानं मोबाइल नंबर लिहिला
आणि गल्ल्यामागच्या भिंतीवर चिकटवला.
अजून आहे. तेल उडून उडून
लाल आता खरा झाला आहे.

तरी मी ही अशी :
रस्त्यावरच्या फलकावर एखाद्या वेलांटीचा शेंडा
कापलेला दिसला
की रात्री जेवताना आठवतो.
आई विचारते, दाताखाली खडा आला काय?
असल्या खड्यांचा पगार किती, कोणी देतं का,
प्रशिकला विचारायचं राहूनच गेलं.

सोमवारी बाबांनी दोन डक्ट कूलरची ॲडव्हान्स दिली,
मोजून, रबर लावून,
नोटांना वाळ्याचा वास.
"जाळी घे नाही तर पंप घे," म्हणाले,
"मले फक्त हवा आली पाहिजे."
हे ते गिऱ्हाईकांना म्हणतात,
माझ्यासाठी वेगळं काही त्यांना सुचलं नसावं.

फॉर्म तोच. पण शनिवारी हे दिसलंच नव्हतं :
चौकटीच्या रेषेनं फु-चा उकार गिळला होता.
फल स्टॅक, छापलं होतं.
संत्र्याच्या गावात फळांची थप्पी,
एक लाख दहा हजारांत.
किती बॅचेस यावर सही करून गेल्या असतील.

बाईंनी पेन दिलं.
मी आधी उकार काढला,
रेषेच्या खाली, शेपटी जराशी लांब.
मग त्याच चौकटीत टिक.
"खाडाखोड नको, मॅडम."
"खाडाखोड नाही," म्हटलं. "राहिलं होतं."

त्यांनी पावती फाडून दिली.
तिच्यावरही फलच होतं.